हे रोमन लोक स्वतःचे पुतळे इतके म्हातारे का करून घ्यायचे?

शिळाप्रेमी:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, इथे कलेतले आणि इतिहासातले जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

रोमच्या तोर्लोनिया संग्रहात एक संगमरवरी डोकं आहे, ओत्रिकोली नावाच्या गावी सापडलेलं, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मधलं. रोमन कलेवरचं कुठलंही पुस्तक उघडा, हे म्हातारबाबा त्यात असतातच. कपाळभर आठ्या, गाल बसलेले, नाकाच्या बाजूने तोंडापर्यंत खोल खाचा, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची कातडी सुटलेली. हे कोण होते ते कुणालाच माहीत नाही, पण वरच्या वर्गातला माणूस असणार, आणि हे कुणी चेष्टा म्हणून केलेलं नाही, पैसे मोजून करवून घेतलेलं काम आहे. त्याच काळात ग्रीक कारागीर मागाल तेवढे देखणे, गुळगुळीत, तरणेबांड चेहरे घडवून देत होते, म्हणजे येत नव्हतं म्हणून असं केलं असंही नाही.

अभ्यासक या शैलीला व्हेरिझम म्हणतात. नेहमी मिळणारं उत्तर असं की रोमन लोक व्यवहारी आणि रोखठोक, जसं आहे तसं दाखवायचे. मला हे अजिबात पटत नाही. माझं मत आहे की या सुरकुत्या म्हणजे निवडणुकीचा प्रचार आहे. रोमन प्रजासत्ताकात मोठ्या पदांना वयाची अट होती, सुल्ला या हुकूमशहाने इ.स.पू. ८१ च्या सुमारास ती घट्ट केली: क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) व्हायला ३०, प्रेटर (न्यायाधिकारी) व्हायला ३९, कॉन्सल (सगळ्यात वरचं पद) व्हायला ४२. आधी रणांगण, मग एकेक पायरी. चेहऱ्यावर वय दिसणं म्हणजे हा माणूस सगळ्या पायऱ्या चढून आलाय हे न बोलता सांगणं.

आणि माझा हुकमी पत्ता म्हणजे तिव्होलीचा सेनापती. रोमजवळच्या तिव्होलीला हर्क्युलिसच्या मंदिरात सापडलेला पुतळा, आता रोमच्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयात आहे. चेहरा साठीचा, रापलेला, सुरकुतलेला. आणि खाली धड? पंचविशीतल्या पैलवानाचं! छाती, पोटाचे स्नायू, सगळं व्यवस्थित, कमरेला वस्त्र गुंडाळलेलं आणि बाजूला टेकूसारखं चिलखत. जसं आहे तसंच दाखवायचं होतं तर पोट कुठे गेलं हो या गृहस्थाचं?

निशिगंधा_७:
सेनापतीचा फोटो शोधून बघितला आणि अक्षरशः हसून हसून मेले 😂 आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं डोकं जिमवाल्याच्या अंगावर बसवलंय असं वाटतं. पण हे त्यांना विचित्र वाटत नसेल का? समोरून बघणारा हसला नसेल?

शिळाप्रेमी:
निशिगंधाताई, नसेल वाटलं, कारण हा एकच नमुना नाही. डेलॉस बेटावर सापडलेला अजून एक आहे, आता अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. माणसापेक्षा मोठा, उघडा, अंग ग्रीक खेळाडूचं, आणि वर टकला, मोठ्या कानांचा, दमलेल्या व्यापाऱ्यासारखा चेहरा. अभ्यासकांनी त्याचं नावच खोटा खेळाडू ठेवलंय. त्यांच्या नजरेला अंग म्हणजे एक पोशाख. वीराचं शरीर अंगावर चढवायचं, चेहरा आपला ठेवायचा.

जुना_बखरकार:
धागा चांगला आहे पण निष्कर्ष घाईचा वाटतो. तुम्ही राजकारण आणलंत, घर विसरलात.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. दुसऱ्या शतकात ओलीस म्हणून रोमला आला आणि बरीच वर्षं तिथल्या बड्या घरांत वावरला. मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेचं त्याने केलेलं वर्णन मुळातून वाचण्यासारखं आहे. मेलेल्याचा मुखवटा घरात दर्शनी जागी, लाकडी देव्हाऱ्यात ठेवायचे, आणि तो ठेवणीत आणि रंगात हुबेहूब असायचा असं तो स्पष्ट लिहितो. पुढे घरातला कुणी मोठा माणूस गेला की हे सगळे पूर्वजांचे मुखवटे बाहेर निघायचे, उंचीने अंगाने त्या त्या पूर्वजासारखी दिसणारी माणसं ते चेहऱ्यावर लावायची, कॉन्सल झालेला असेल तर जांभळ्या काठाचा टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र), सेन्सॉर (जनगणना बघणारा बडा अधिकारी) असेल तर पूर्ण जांभळा, विजययात्रा काढलेली असेल तर जरीचा. रथातून चौकापर्यंत जायचं आणि तिथे हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसायचं. म्हणजे पणजोबा, खापरपणजोबा सगळे हजर! मग मुलगा किंवा नातेवाईक उभा राहून गेलेल्याचं आणि या सगळ्यांचं एकेक करून गुणगान करणार. पॉलिबियस म्हणतो, तरुण पोराला पेटवायला याहून भारी दृश्य कुठलं असणार.

थोरला प्लिनी हा रोमन लेखकही सांगतो की जुन्या घरांतून मेणाचे चेहरे कपाटांत लावलेले असत. तेव्हा हुबेहूब चेहऱ्याची सवय या लोकांना कित्येक पिढ्यांपासून घरातच होती. संगमरवरात तेच उतरलं. यात प्रचार कमी आणि पितरं जास्त आहेत असं माझं मत.

अर्धवट_शहाणा:
बखरकार काका, लई भारी माहिती. म्हणजे मेल्यावर तोंडावर मेण ओतायचे का काय? बाबो.

जुना_बखरकार:
थेट मेण नाही. प्लिनीनेच लिहिलंय की चेहऱ्यावर प्लास्टर लावून साचा घ्यायचा आणि त्यात मेण ओतून काढायचं ही रीत पहिल्यांदा लायसिस्ट्रेटस नावाच्या ग्रीकाने काढली, हा लायसिपस या मूर्तिकाराचा भाऊ. रोमन मुखवटे मात्र जिवंतपणी घेतलेले की मेल्यावर, यावर वाद आहे. खरा मुखवटा एकही शिल्लक नाही, मेणच ते.

डॉ_विसु:
मी कलेतला नाही, दंतवैद्य आहे, तेव्हा माझ्या खिडकीतून बोलतो. माणसाचे दात गेले आणि कवळी नसली की जबड्याचं हाड झिजत जातं, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, हनुवटी वर आणि पुढे येते, ओठ आत वळतात, गालात खड्डे पडतात. वयाबरोबर वरच्या पापण्या उतरतात, कानाच्या पाळ्या लांबतात, नाकाचं टोक खाली येतं. धाग्यात ज्या डोक्यांची नावं आली त्यांचे फोटो मोठे करून पाहिले, त्यातल्या काहींवर हे सगळं बरोबर जागच्या जागी आहे. हे मनाने सुचत नाही, समोर माणूस बसवून किंवा साचा बघूनच कोरलेलं असणार. कुणी मुद्दाम म्हातारं दाखवायचं म्हणून कोरेल तर कपाळावर रेघा ओढून मोकळा होईल, आत गेलेला वरचा ओठ त्याच्या लक्षातही येणार नाही.

टाकी_हातोडा:
डॉक्टरांशी अर्धा सहमत. आमचं घराणंच मूर्तिकामातलं, मी स्वतः अर्धपुतळे करतो, दगडात कमी आणि मातीतून ब्राँझमधे जास्त. लोकांचा मोठा गैरसमज असा की सुरकुत्या घातल्या की माणूस हुबेहूब होतो. अहो साम्य असतं हाडात. दोन डोळ्यांतलं अंतर, गालाचं हाड कुठे वळतं, नाकाचा बुंधा किती रुंद, कपाळ किती मागे झुकलंय. हे बरोबर बसलं तर एकही सुरकुती न घालता घरचे लोक ओळखतात आणि हे चुकलं तर हजार आठ्या घाला, परका माणूसच दिसणार.

आता प्रजासत्ताकातली दहाबारा डोकी शेजारी शेजारी ठेवून बघा. तोंडाच्या बाजूच्या खाचा सारख्या, आठ्यांची वळणं सारखी, ओठांची ठेवण सारखी, मागे हटलेले केस सारखे. काहींवर तर आठ्या इतक्या समांतर आहेत की टाकीने ओळीत ओढल्यात हे सरळ दिसतं, कातडी अशी वळत नाही. म्हणजे कारखान्यात म्हातारपणाचा एक ठरलेला साचा तयार होता आणि खाली हाड मात्र ज्याचं त्याचं. चांगला कारागीर असेल तर डॉक्टर म्हणतात तसा ओठही येणार, सामान्य असेल तर नुसता साचा येणार. त्यामुळे दोघंही बरोबर असू शकता, भांडू नका 🙂

अजून एक, हे पुतळे असे पांढरे नव्हते. रंग असायचा, केसांना, ओठांना, डोळ्यांना. बुबुळं दगडात कोरायची पद्धत सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकात रुळली, त्याआधी ती रंगवायचे. आज ते डोळे आंधळे दिसतात म्हणून चेहरा आहे त्याहून कठोर वाटतो.

खडूस_पुणेकर:
इतकी चर्चा चाललीय आणि साधी गोष्ट कुणी बोलेना. काम करणारे बहुतेक ग्रीक होते आणि ज्यांचे चेहरे करायचे ते त्यांचा देश जिंकून बसलेले रोमन. मनातून राग असणारच. आर. आर. आर. स्मिथ या अभ्यासकाने १९८१ मध्ये नेमकं हेच मांडलंय, की ग्रीक कारागिराला रोमन माणूस आवडत नव्हता आणि ते चेहऱ्यात उतरलंय. मला तरी हे झकास वाटतं.

टाकी_हातोडा:
झकास आहे पण गिऱ्हाईक काय आंधळं होतं? पुतळा ताब्यात घेताना मालक चार वेळा फिरून बघतो, बायको बघते, मेहुणा बघतो, मेहुण्याला तर काहीच पसंत पडत नाही. माझ्या कामात राग दिसला तर दुसरा हप्ता मिळणार नाही.

शिळाप्रेमी:
खडूस, यात अजून एक पेच आहे. ग्रीकांनीही म्हातारपण जबरदस्त दाखवलंय, पण कुणाचं? म्युनिकच्या संग्रहालयातली दारूचा बुधला कवटाळून बसलेली म्हातारी बघा. पालाझ्झो मास्सिमोतला ब्राँझचा मुष्टियोद्धा बघा, १८८५ मध्ये रोमच्या क्विरिनाल टेकडीवर सापडलेला, नाक मोडलेलं, कान सुजून गोळा झालेले, जखमांतून रक्त दाखवायला तांबं बसवलेलं. कोळी, दारुडी, मार खाल्लेला पैलवान, फार तर एखादा तत्त्वज्ञ. राजा मात्र बहुतेकदा अलेक्झांडरच्या वळणाचा, मान तिरकी आणि केस उडते. रोमन बड्यांनी नेमकं ते म्हातारपण उचललं जे ग्रीक लोक राजाला सहसा लावत नव्हते. आम्ही राजे नाही, आम्हाला राजे चालत नाहीत, हे सांगायची याहून सोपी वाट कुठली? कारागीर ग्रीक असेल, पण मागणी रोमनच होती.

निशिगंधा_७:
बरं, बायकांचं काय? की तिथेही पुरुषांना सुरकुत्या शोभतात आणि बायकांनी मात्र गुळगुळीत राहायचं?

जुना_बखरकार:
दुर्दैवाने बरंचसं तसंच. म्हाताऱ्या बायकांची प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळातली काही डोकी आहेत आणि चांगली आहेत, पण पुरुषांच्या मानाने फार कमी. बायकांना पदंच नव्हती, तर पदाचं वय दाखवून काय मिळणार. पुढे पहिल्या रोमन सम्राटाची, ऑगस्टसची, बायको लिव्हिया ऐंशीच्या पुढे जगली, पण तिच्या पुतळ्यांवर वय जवळजवळ दिसतच नाही. (शिळाप्रेमी, हा मुद्दा तुमच्या बाजूने जातो हे मला कळतंय, उगाच उड्या मारू नका.)

शिळाप्रेमी:
काका, उड्या मारायला सुरुवातही केली 😀

नाणेवेडा:
नाण्यांकडे कुणी बघतच नाही इथे. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोमच्या टाकसाळीने जिवंत ज्युलियस सीझरचा चेहरा नाण्यावर टाकला, रोममधे जिवंत माणसाचा असा मान पहिलाच. आणि तो चेहरा बघा: मानेवर वळ्या, गालफडं बसलेली, गळ्याचा कंठ बाहेर आलेला, डोक्यावर पुष्पमुकुट. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो की टकलाचं सीझरला फार वाईट वाटायचं, मागचे केस पुढे ओढून घ्यायचा आणि मुकुट कायम घालायची परवानगी मिळाली तो मान त्याला सगळ्यात आवडला. म्हणजे सुरकुत्या चालतील, टक्कल नको! तुस्कुलमला सापडलेलं आणि आता तुरिनमधे असलेलं त्याचं डोकंही असंच, कपाळ उंच, गळ्याला वळ्या, डोक्याचा माथा बसकट. जे हवं ते दाखवायचं आणि नको ते झाकायचं, याला मी तरी प्रामाणिकपणा म्हणणार नाही.

उलट पोरसवदा सम्राट नीरोची सुरुवातीची नाणी आणि शेवटची नाणी शेजारी ठेवा. मान सुटत सुटत शेवटी हनुवटी कुठे संपते तेच कळत नाही. तिथे जाडी झाकलेली नाही, ऐश्वर्य म्हणून मिरवलीय.

सई_कोल्हापूर:
मला यातला ऑगस्टसचा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. तो ७६ व्या वर्षाला टेकला होता तेव्हा, इ.स. १४ मध्ये, गेला. पुतळे शेवटपर्यंत तिशीतलेच. प्रीमा पोर्ताचा प्रसिद्ध पुतळा, १८६३ मध्ये लिव्हियाच्या वाड्यात सापडलेला, त्यावर एक सुरकुती दाखवा. आणि का ते शिळाप्रेमींच्याच हिशोबाने कळतं, हा पठ्ठ्या इ.स.पू. ४३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी कॉन्सल झाला! ४२ ची अट कुठच्या कुठे. ज्याने शिडीच वापरली नाही तो शिडी चढल्याचा थकवा कशाला मिरवेल? सीझरचा प्रतिस्पर्धी सेनापती पॉम्पे, त्याचंही तेच, खालची पदं न भूषवता ३५ व्या वर्षी कॉन्सल. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेकमधलं त्याचं डोकं बघा, गुबगुबीत तोंड, बारीक डोळे, मिश्कील गावकरी, आणि कपाळावर अलेक्झांडरसारखी उभी केसांची बट. बिचाऱ्याला दोन्ही पाहिजे होतं.

अर्धवट_शहाणा:
आपल्याकडे उलटंच की राव. पासष्टीचा नेता पण फ्लेक्सवर पस्तिशीचा, वर मागे सूर्य उगवतोय. ऑगस्टस आमच्या वॉर्डातच जन्मायचा चुकून तिकडे गेला.

पण ज्यांच्याकडे पूर्वजच नाहीत त्यांनी काय करायचं? सगळ्यांकडे थोडीच मुखवट्यांचं कपाट असणार.

जुना_बखरकार:
शहाणे, अर्धवट असूनही प्रश्न नेमका विचारलात. मारियस हा रोमन सेनापती असाच, घराण्याचा वारसा नसलेला. सॅलस्ट या रोमन इतिहासकाराने त्याच्या तोंडी भाषण घातलंय की माझ्याकडे दाखवायला पूर्वजांचे मुखवटे नाहीत, पण भाले आहेत, निशाणं आहेत आणि छातीवरचे घाव आहेत, हेच माझे मुखवटे.

आणि त्याहून खाली उतरा. गुलामीतून सुटलेली माणसं. कायद्याने गुलामाला बापच नसतो, मग पूर्वज कुठले. पण पैसा आला की ही माणसं रस्त्याकडेला थडगं बांधायची आणि त्यावर खिडकीतून डोकावल्यासारखी कुटुंबाची अर्धाकृती शिल्पं लावायची. नवरा टोगा नेसून, चेहरा अगदी सेनेटरच्या वळणाचा, आठ्या, खाचा, सगळं. शेजारी बायको. मधे पोरगं असलं तर त्याच्या गळ्यात बुल्ला नावाचा ताईत, कारण तो फक्त जन्मतः स्वतंत्र मुलाला घालता यायचा. आईबाप गुलाम होते पण पोर नाही, एवढं त्या ताइतात आहे. रोमच्या पोर्ता माज्जोरेपाशी एउरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याचं थडगं आजही उभं आहे, पीठ मळण्यापासून भट्टीपर्यंत सगळी कामं वरच्या पट्टीत कोरलेली. तोही बहुधा मुक्त झालेला गुलामच, पण बायकोबरोबरच्या शिल्पात कसा टोग्यात उभा आहे बघा.

शिळाप्रेमी:
मग काका, हे तर माझंच म्हणणं झालं ना! ज्याला कधी कॉन्सल होता येणार नव्हतं त्याने कॉन्सलच्या सुरकुत्या घेतल्या. चेहऱ्याचा साचा प्रतिष्ठेचा होता म्हणूनच तो उचलला गेला.

जुना_बखरकार:
किंवा ज्याला बाप नव्हता त्याने पितर व्हायचं ठरवलं, आपल्या नातवांसाठी. तुमची बाजू मी पूर्ण मान्य करणार नाही, अर्धीच.

भटकी_वाट:
अवांतर: याच सुमारास आपल्याकडे नाणेघाटात सातवाहनांनी गुहेत घराण्याच्या माणसांच्या आकृती कोरल्या होत्या, राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी वगैरे, वर ब्राह्मी लिपीत नावं. आज नावं आहेत, आकृत्या जवळजवळ गेल्यात. चेहरे कसे असतील याची फार हुरहूर वाटते.

जुना_बखरकार:
छान आठवण. पण दोन्हींचा धागा जोडू नका हं, रोमशी व्यापार होता म्हणून शिल्पाची रीतही तिकडून आली असं कुणीतरी लगेच लिहील.

टाकी_हातोडा:
व्हेस्पेशियन राहिला. नीरो गेल्यावर वर्षभर धुमाकूळ झाला, तीन सम्राट होऊन गेले, आणि इ.स. ६९ मध्ये हा जुना सेनापती गादीवर बसला. याने पुन्हा टक्कल, सुरकुत्या, जाड मान सगळं आणलं, कोपनहेगनचं डोकं त्यात सगळ्यात भारी. नीरोसारखा नटवा मी नाही, मी जुन्या वळणाचा शिपाईगडी, असं सांगायला. सुएटोनियस म्हणतो याचा चेहरा कायम जोर लावत बसल्यासारखा असायचा. एका विनोदी माणसाला व्हेस्पेशियन म्हणाला, माझ्यावरही कर की विनोद, तर तो म्हणाला, आधी तुमचं पोट साफ होऊ दे 😂 आणि याच्या अंत्ययात्रेत मुखवटा घातलेल्या फेवर नावाच्या नटाने खर्च विचारला, एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) म्हटल्यावर ओरडला, मला एक लाख द्या आणि खुशाल टायबर नदीत फेका! चिक्कूपणाची नक्कल.

आता कारागीर म्हणून सांगायची गोष्ट. नीरोचे पुतळे फेकून दिले नाहीत, बरेचसे पुन्हा कोरून व्हेस्पेशियन केले. दगडात भर घालता येत नाही, फक्त काढता येतं. नीरोचे दाट केस आणि गुबगुबीत गाल म्हणजे भरपूर माल, तो तासला की आतून टकला, आठ्यांचा म्हातारा निघतो. व्हेस्पेशियनचा नीरो करून दाखवा म्हटलं तर कुणाच्या बापाला जमणार नाही. अशा डोक्यांवर कान कधी कधी चेहऱ्याच्या मानाने मोठे राहतात किंवा मानेमागे जुन्या केसांचा उंचवटा राहतो, त्यावरून पकडता येतं. व्हॅटिकनमधल्या कान्चेलेरियाच्या शिल्पपटात तर सम्राट डोमिशियनचं डोकं तासून त्याच्यानंतरचा सम्राट नर्व्हा केलाय, शरीराच्या मानाने डोकं केवढंसं उरलंय.

डॉ_विसु:
म्हणजे काही आठ्या दगड कमी पडला म्हणून आल्या असं म्हणायचं 😀 माझा सिद्धांत मी मागे घेत नाही, पण व्हेस्पेशियनपुरता आवरतो.

निशिगंधा_७:
दिवाळीनंतर इटलीला जाणारोत, रोमला फारच थोडा वेळ आहे आणि बरोबर सासूबाई आहेत, पायऱ्या कमी चढवायच्यात. यातलं काय बघू? व्हॅटिकनची गर्दी झेपणार नाही.

सई_कोल्हापूर:
पालाझ्झो मास्सिमो. तेर्मिनी स्टेशनच्या अगदी समोर, व्हॅटिकनच्या मानाने शांत. तिव्होलीचा सेनापती आणि तो मुष्टियोद्धा दोघंही तिथेच, एकाच दिवशी दोन्ही बघ म्हणजे वर शिळाप्रेमी काय म्हणतायत ते आपोआप कळेल. वेळ उरला तर व्हिया ओस्तिएन्सेवरचं चेंत्राले मोंतेमार्तिनी, जुनं वीजघर आहे, काळ्या इंजिनांसमोर पांढरे पुतळे उभे केलेत. दोन पूर्वजांची डोकी हातात धरून उभा असलेला तो टोगावाला बार्बेरिनी तिथलाच. त्याचं स्वतःचं डोकं मात्र दुसऱ्याच पुतळ्याचं आहे, नंतर बसवलेलं. प्लिनी त्याच्याच काळात तक्रार करत होता की लोक पुतळ्यांची डोकी बदलतात.

जुना_बखरकार:
दोन्ही सोमवारी बंद असतात, तेवढं बघून जा.